बिअरच्या रिकाम्या बाटल्या आणि आल्याचं फसफसतं पेय

प्रश्न: आम्ही तारकर्लीजवळ राहतो. घरातल्या काही खोल्या पर्यटकांना देतो. मुलगा जर्मनीत असतो. तिथे तो हौसेने घरी बिअर करतो आणि विकतच्या बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांतच भरतो. गेल्या सुट्टीत आला तेव्हा बाटलीला बूच दाबायचं हातयंत्र आणि बुचांची पिशवी इथे ठेवून गेला. आलं, साखर आणि आल्याचंच विरजण घालून फसफसणारं पेय कसं करायचं तेही त्याने दाखवलं. पाहुणे बिअरच्या बाटल्या टाकून जातात, काही किनाऱ्यावरही मिळतात. त्यांतल्या बारा धुतल्या, लिटरला शंभर ग्रॅम साखर घातलेलं पेय दोन दिवस मुरवून भरलं, रंगासाठी प्रत्येकीत थोडं अमृत कोकम घातलं आणि बुचं दाबली. तिसऱ्या रात्री एक बाटली फुटली. काचा स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. सासूबाई म्हणतात, "काचेत घालू नको गो, सगळी फुटतली." शेजारचे म्हणतात, "काय एक होवचा नाय, ती बाटलीच खराब असतली." खरं काय? कुठल्या बाटल्या वापराव्यात? हे पेय पाहुण्यांना देता येईल का? मुलगा म्हणतो तशी बिअरही करून बघावी का?

— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर:

ताई, उरलेल्या अकरा बाटल्या अजून फळीवरच असतील, तर पुढचं वाचण्याआधी त्यांची व्यवस्था लावा. एक फुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत, कारण सगळ्यांत पेय एकच आहे. त्या उचलून अंगणात नेऊ नका. मुलांना आणि पाहुण्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. पहाटे, हवा त्यातल्या त्यात थंड असताना, बाटल्यांवर भिजवलेली जाड गोणपाटं टाका आणि त्यांवर मासळीचा चुरा बर्फ पसरा. तुमच्याकडे तो सहज मिळेल. तीन-चार तास तसंच राहू द्या. पेय थंड झालं की वायू त्यात जास्त विरघळतो आणि बाटलीतला दाब उतरतो. मग पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे आणि पुढे काच असलेलं हेल्मेट घालून एकेक बाटली गोणपाटाखालीच ठेवून ओपनरने बूच हळूहळू सैल करा. फेस वाया जाऊ दे. त्यातलं एकही वाचवायच्या मागे लागू नका.

आता तुमच्या घरातल्या वादाचं. तुमच्या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. बाटली खराब असेलही, पण ती नवी कोरी असती तरी आज ना उद्या फुटलीच असती.

विरजणातलं यीस्ट, म्हणजे पेय आंबवणारे सूक्ष्मजीव, एक ग्रॅम साखर खातं तेव्हा साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर पेयात एक लिटर वायू मुरवायला जवळजवळ दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे चार ग्रॅम साखर पुरते. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू असतो, कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन ते चार पट. तुमच्या पेयात लिटरला शंभर ग्रॅम साखर होती. ती सगळी बंद बाटलीत आंबली तर वायू पंचवीस पट होईल. दोन दिवसांत थोडी साखर आंबून गेली असेल, पण बरीच शिल्लक होती. त्यावर तुम्ही अमृत कोकम घातलंत. कोकमाच्या सालींना साखरेच्या थरांत मुरवूनच ते करतात, त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणजे बूच लावायच्या अगदी आधी तुम्ही यीस्टला नवं जेवण वाढलंत. रंगच हवा असेल तर ग्लासात ओतताना कोकम घाला.

तुमच्या मुलाची पद्धत चुकीची नाही, पण ती वेगळी आहे. तो बिअर मोठ्या भांड्यात दोनेक आठवडे आंबू देतो आणि भांड्यातला वायू बाहेर जात राहतो. हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीचा, आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, की आंबवण्याजोगी साखर संपली असं समजायचं. मग बाटलीपुरती मोजून साखर घालायची, लिटरला सहा-सात ग्रॅम, म्हणजे 650 मिलीच्या बाटलीला जेमतेम एक सपाट चमचा. त्यातून किती वायू होणार हे बूच लावतानाच ठरलेलं असतं. ही आधीची पायरी तुमच्या कृतीत नाही, आणि नेमकं त्याच पायरीवर सगळं अवलंबून आहे. पेयात मोजदाद नसलेली साखर शिल्लक असेल तर काच वापरायची नाही, मग ती कितीही जाड असो.

दुसरा फरक हवेचा. त्याच्याकडे बाटल्या वीसेक अंश तापमानात ठेवत असतील. तुमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघर दिवसा बत्तीस-तेहेतीस अंशांपर्यंत तापतं. तेवढ्या उकाड्यात यीस्ट तर झपाट्याने काम करतंच, शिवाय तेवढाच वायू जास्त दाब देतो. नेहमीच्या बिअरइतका वायू असलेली बाटली वीस अंशांना मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका दाब सोसत असते. बत्तीस अंशांना तो दाब जवळपास दीडपट होतो. जर्मनीतल्या तळघरात चाललेलं तारकर्लीच्या पडवीत चालेलच असं नाही.

बाटल्यांकडे येऊ.

बिअरची तपकिरी, गोल, ओपनरने बूच काढावं लागणारी बाटली पुन्हा भरायला चांगली असते. मूळची ती दाबासाठीच बनवलेली असते, आणि तिच्या तोंडावर 26 मिलिमीटरचं साधं बूच नीट बसतं. हे बूच 1892 साली अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पेटंट केलं, आणि तेव्हापासून त्याची रचना फारशी बदललेली नाही. बूच मात्र दर वेळी नवं हवं. ओपनरने एकदा वाकलं की ते पुन्हा घट्ट बसत नाही. हाताने फिरवून उघडतात त्या बिअरच्या बाटल्या टाळा. त्यांच्या तोंडावर आटे असतात आणि काठ पातळ असतो, तुमच्या हातयंत्राने दाबलेलं बूच तिथे भरवशाने धरत नाही. तपकिरी रंगाचं म्हणाल, तर तो बिअरमधल्या हॉप्ससाठी, म्हणजे तिला कडू चव देणाऱ्या फुलांसाठी असतो. उन्हाने हॉप्सचे घटक बदलतात आणि बिअरला उग्र वास येतो. आल्याच्या पेयात हॉप्स नसतात, त्यामुळे हिरवी किंवा पांढरी बाटलीही तुम्हाला चालेल.

पण किनाऱ्यावर सापडलेली नको. वाळूत घासलेल्या काचेवर बारीक ओरखडे पडतात, आणि दाब आला की काच ओरखड्यापासूनच तडकते. आपल्याकडे कंपन्याही बाटल्या परत घेऊन भरतात, त्यामुळे पाहुण्याने काल आणलेली बाटलीसुद्धा बऱ्याच फेऱ्या करून आलेली असू शकते. ते ओळखता येतं. बाटली उजेडात धरून फिरवा. खांद्याला आणि बुडाजवळ, जिथे बाटल्या एकमेकींवर घासतात तिथे, पांढरट खरखरीत कडं दिसतं. ते कडं रुंद आणि खोल असेल तर बाटली भंगारात. मग कापसाचा बोळा घेऊन तोंडाच्या काठावरून सावकाश फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे टवका उडालेला आहे. तिथून वायू निसटेल, किंवा बूच दाबताना मानच तुटेल. या दोन परीक्षांत बऱ्याच बाटल्या बाद होतात. होऊ द्या.

दारूच्या चपट्या बाटल्या, व्हिस्कीच्या चौकोनी बाटल्या, दुकानात मिळणाऱ्या शोभेच्या खटक्याच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या, सरबताच्या लांब मानेच्या बाटल्या: यांपैकी कशातही फसफसणारं काही भरू नका. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चपट्या किंवा चौकोनी बाटलीत तो कडांवर येतो. सरबताच्या बाटलीवरून लोक खास फसतात, कारण फळप्रक्रियेच्या घरगुती उद्योगात तिलाही असंच बूच यंत्राने लावतात. तिथे आत दाब नसतो, म्हणून ती बाटली पातळ असली तरी चालते. साध्या वाइनच्या बाटलीचंही तेच. शँपेनची बाटली मात्र भक्कम असते, कारण तिच्यात बिअरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. पण काही शँपेनच्या बाटल्यांना 29 मिलिमीटरचं मोठं बूच लागतं, तुमच्या पिशवीतलं बसणार नाही.

गोटी सोड्याच्या बाटलीचा विचार तुमच्या मनात आला असेल, कारण कोकणात ती अजून दिसते. इंग्लंडमध्ये हायरम कॉड यांनी 1872 च्या सुमारास काढलेली ही बाटली जाड काचेची आणि दाब सोसणारीच आहे. पण आतली गोटी रबराच्या कड्यावर दाबून बसवायला भरतानाच वायूचा जोर लागतो. घरच्या पेयात तो हळूहळू तयार होतो, तोवर गोटी बसतच नाही. ती सोडावाल्याकडेच राहू द्या.

तुमच्या कृतीसाठी योग्य बाटली रोज कचऱ्यात जाते आहे, ती म्हणजे कोल्ड्रिंक किंवा सोड्याची प्लॅस्टिकची बाटली. पाण्याची नाही. दोन्ही शेजारी उलट्या धरून बघा. सोड्याच्या बाटलीच्या बुडाला पाच फुगीर पाकळ्या असतात, मधला भाग आत गेलेला असतो, आणि प्लॅस्टिक बोटाला जाड लागतं. ती बैठक दाबासाठीच असते. पाण्याची बाटली बोटाने चेपते, तिच्या बुडाला अशा पाकळ्या नसतात. रसाच्या रुंद तोंडाच्या बाटल्याही गरम रस भरण्यासाठी असतात, दाबासाठी नाहीत.

या बाटलीचा मोठा गुण असा की आत काय चाललंय ते हाताला कळतं. भरताना वर दोन-तीन सेंटीमीटर जागा ठेवा, बाटली थोडी दाबून हवा बाहेर काढा आणि झाकण घट्ट करा. चेपलेली बाटली आपोआप फुगत जाईल. सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून बघा. न उघडलेली विकतची सोड्याची बाटली शेजारी ठेवा आणि दोन्ही दाबून ताडून पाहा. तितकी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात हे एका दिवसातही होतं, म्हणून भरून गावाला जाऊ नका. बूड बाहेर येऊन बाटली डुलायला लागली, तर हद्द झाली समजा. थंड करून झाकण हळूहळू सैल करा. लहान बाटल्या घ्या, 250 ते 600 मिलीच्या, म्हणजे उघडलेली एका बैठकीत संपते. वळी पडलेली किंवा पांढरट चुणी आलेली बाटली पुन्हा भरू नका.

फ्रिजने यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर वीज किती दिवस जाऊ शकते ते तुम्हाला ठाऊक आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती, आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तुमच्या सिंधुदुर्गालाही झोडपून गेलं. बंद फ्रिजमध्ये बाटल्या गरम झाल्या की आंबणं पुन्हा सुरू होतं. वादळाची सूचना आली की त्या बाटल्या उघडा, पिऊन टाका किंवा ओता. पावसाळ्यात एरवीही आठवड्याभराहून जास्त दिवसांचं करून ठेवू नका.

काचेतच भरायचं असेल तर एक वाट आहे. एकूण साखरच इतकी कमी घ्यायची, की ती शेवटच्या कणापर्यंत आंबली तरी बाटलीला धोका नको. लिटरला आठ ग्रॅम, विरजणातली साखर धरून. त्यातून दोन पट वायू होतो, म्हणजे बिअरपेक्षा थोडा कमी. चांगल्या बिअरच्या बाटलीला तो सहज पेलतो. पेय आंबट, तिखट आणि अगोड लागेल. गोडी ग्लासात, साखरेच्या पाकाने किंवा अमृत कोकमाने. चमच्याच्या अंदाजाने नको, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. साखर आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मगच भरा, नाहीतर एका बाटलीत जास्त जाईल आणि दुसरीत कमी. आणि काहीही झालं तरी काचेच्या बाटल्या उघड्या फळीवर ठेवू नका, झाकणाच्या जाड पिंपात ठेवा.

धुण्याबद्दल थोडं. काचेला रात्रभर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग बाटलीचा ब्रश, मग भरपूर स्वच्छ पाणी. लेबलंही त्यात सुटतात. गार बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. पातेल्यात गार पाण्यापासून बाटल्यांसकट तापवत न्या. प्लॅस्टिकला उकळतं पाणी अजिबात नको, ती बाटली सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडून आखडते. कोमट पाण्याने धुवा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा. सरबत टिकवण्यासाठी वापरतात ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड पेयात घालू नका, तिने विरजणच दबतं.

आणि वास घ्या. हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे कोल्ड्रिंकच्या बाटलीत रॉकेल ठेवतात, होडीच्या इंजिनाचं तेल ठेवतात, फिनेल ठेवतात, आंब्याच्या फवारणीचं उरलेलं औषधही ठेवतात. प्लॅस्टिक हे शोषून घेतं आणि कितीही धुतलं तरी सोडत नाही. ज्या बाटलीचा इतिहास तुम्हाला माहीत नाही ती खाण्यापिण्यासाठी वापरू नका. वास येत नसला तरी नको. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत उघडलेल्या बाटल्याच ठेवा. भरलेल्या बाटलीवर पट्टी चिकटवून काय आहे आणि कधी भरलं ते लिहा, म्हणजे घरातलं मूल पाणी समजून ती उघडणार नाही, आणि उद्या कुणी फवारणीची बाटली तिच्या शेजारी आणून ठेवणार नाही.

बिअर करू नका. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं असलं तरी. मुलगा जिथे राहतो तिथला कायदा वेगळा. इंग्लंडमध्येही घरी बिअर करायला 1963 पर्यंत परवाना लागत असे. तो जे तिथे उघडपणे करतो ते तुम्ही इथे करू शकत नाही, आणि घरात पर्यटक ठेवणाऱ्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये.

यातच पाहुण्यांचा प्रश्नही येतो. यीस्टने साखर खाल्ली की वायूबरोबर मद्यही तयार होतं. तुमचं शंभर ग्रॅमवालं पेय पूर्ण आंबलं असतं तर बिअरइतकं, पाच-सहा टक्क्यांचं झालं असतं. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त मद्य असलेलं पेय मद्यातच धरलं आहे. टणक झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये घातलेल्या बाटलीत ते पुष्कळ कमी असेल, पण किती ते घरी मोजता येत नाही. पाहुण्यांत लहान मुलं असतात, गरोदर बाई असते, धर्माने किंवा औषधांमुळे मद्य वर्ज्य असलेली माणसं असतात. त्यांच्यापुढे "आल्याचं सरबत" म्हणून हे ठेवणं मला पटत नाही. पाहुण्यांसाठी न आंबवलेलं करा, चवीला ते कुठे कमी पडत नाही.

पाव किलो आलं धुऊन किसा, अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, गाळून त्यात अर्धा किलो साखर विरघळवा. गार झाल्यावर दोन लिंबांचा रस. हा पाक स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. यात दाब येत नाही, त्यामुळे सरबताच्या आणि व्हिस्कीच्या ज्या देखण्या बाटल्या वर बाद केल्या त्या इथे खुशाल वापरा, घरातच उघडलेल्या असल्या म्हणजे झालं. ग्लासात तीन मोठे चमचे पाक, एक चमचा आगळ (कोकमाचा खारवलेला रस), वरून थंडगार सोडा. आगळात मीठ असतं, म्हणून वेगळं घालू नका. पाक दहा दिवसांत संपवा, आणि त्याआधी कधी तो फसफसायला लागला किंवा झाकण उघडताना आवाज आला, तर ओतून द्या.